दहाव्या जागेवरची पेटी

“बंद कर! बंद कर म्हनतो ना बे! माह्या भावाची धून हाय हे, का कोनाच्या घरची मांडनी कोसळून राह्यली?”

काका एवढ्या जोरात ओरडला की हायवेवरून नागपूरकडे निघालेल्या एका ट्रकनं ब्रेक मारला. थाप वाटेल, पण ट्रक थांबला होता हे खरं आहे. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत होता. तो काकाच्या आवाजानं उतरला की पंक्चरमुळे, यावर गावात दोन मतं आहेत, आणि मी पहिल्या मताचा आहे.

ओसरीत टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याला दोन स्पीकर लावले होते, आणि त्या स्पीकरांतून माझ्या वडिलांची धून बाहेर पडत होती. म्हणजे पडायला हवी होती. प्रत्यक्षात दोनदा डबडं वाजायचं, मग घंटा, मग कुणी खुळखुळा हलवल्यासारखं काहीतरी, आणि धून जिथं वर चढते तिथं फौजदारानं मारावी तशी लांब शिट्टी. शिट्टीनंतर कढई खरवडल्याचा आवाज. मग पुन्हा डबडं.

आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपावर होता तिथंच राहिला. मी बटण दाबून यंत्र गप्प केलं.

सकाळचे दहा वाजले होते. बारा वाजता लोक येणार होते. त्या दिवशी बाबांना जाऊन वर्ष झालं होतं.

बाबा मराठी शाळेत मास्तर. दिवसभर पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि संध्याकाळी विहारात पेटी वाजवायचे. आमचं गायन मंडळ दहा जणांचं. एप्रिलातल्या जयंतीला भैंशापासून मंचेरियलपर्यंत त्यांना बोलावणं असायचं. गाणी सुरू होण्याआधी बाबा पेटीवर एक धून वाजवायचे. तिला शब्द नव्हते. चार मिनिटांची, त्यांनी स्वतः बांधलेली. ती सुरू झाली की गुडीहत्नूरच्या बाजारातले बैल दावी तोडून विहाराकडे निघायचे, असं काका सांगतो. बैल मी मोजले नाहीत. माणसं मात्र यायची.

मंडळाची एक वही होती, बाबांच्या अक्षरातली. तीत प्रत्येकाला नंबर दिलेला. नंबर एक काका, ढोलकवाला, कारण त्याला पहिला नंबर दिला नसता तर त्यानं ढोलक खांद्यावर टाकून थेट जंगलात जाऊन वाघांसमोर वाजवली असती. मग दोनपासून गाणारे, पाचवर टाळवाला, मग मागून ओढून म्हणणारे, आणि सगळ्यांत शेवटी नंबर दहा, पेटी, म्हणजे बाबा. वही जो लिहितो त्यानं आपलं नाव सगळ्यांत खाली लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. आणि हे नंबर नुसते वहीत नव्हते. स्टेजवर बसायचं नंबरानं, जीपमध्ये चढायचं नंबरानं, पंगतीला बसायचं नंबरानं. चहासुद्धा नंबरानं. बाबांचा कप दहावा. कित्येकदा नवव्या कपातच किटली संपायची, आणि बाबा रिकामा कप हातात धरून पिऊन झाल्यासारखं तोंड पुसायचे.

पेटी मंडळाची. ती कुणाएकाच्या घरी न्यायची नाही, हा नियमही त्यांनीच केलेला. त्यामुळे पेटीवाल्याच्या घरी पेटी नव्हती. घरी होती ती बाबांची बोटं. जेवायला बसले की ताट वाजायचं, तांब्या वाजायचा, ज्वारीचा डबा वाजायचा, मागच्या भिंतीचा पत्रा वाजायचा. बोटं पुरली नाहीत की पुढच्या दातांच्या फटीतून शिट्टी. धून अशीच बसली, आमच्या स्वयंपाकघरात, भाजीभाकरीच्या मधे. आमच्या घरात सपाट बुडाचं ताट शिल्लक राहिलं नव्हतं. वरण वाढलं की ते एका कोपऱ्यात जाऊन जमायचं.

“अवो, जेवता का वाजवता?” आई विचारायची.

“दोनी,” बाबा म्हणायचे.

विहारात ती धून पेटीवर वाजायची तेव्हा आई बहुतेक घरीच असायची. दहा माणसांच्या भाकरी कुणीतरी थापायला लागायच्या.

मग बाबा गेले. आदिलाबादच्या दवाखान्यात, भर दुपारी. मी व्हरांड्यात उभा होतो. आतून नर्स आली, तेलुगूत सांगितलं, मग मला कळलं नाही असं वाटून तिनं हिंदीत सांगितलं. मला दोन्ही वेळा कळलं होतं. माझ्या हातात चहाचा पेला होता. मी तो संपवला. तळाशी साखर राहिली होती, ती बोटानं चाटून खाल्ली. बाकी सगळं मी वाढवून सांगतो, पण हे नाही. घरी आणल्यावर लोक रडत होते तेव्हा मी सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरली. कुठं जायचं नव्हतं. हवा कमी होती म्हणून भरली. पुढं वर्षभर माझं तसंच चाललं. गप्पा मारायचो, लोकांना हसवायचो, पोटभर जेवायचो, आणि आत हात घातला तर काही लागायचं नाही.

त्या वर्षात मंडळ मोडलं. कुणी मंचेरियलला कोळशाच्या खाणीवर लागला, कुणाचा घसा गेला. विहारातल्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. बाबांसारखी पेटी वाजवणारा दुसरा कुणी नव्हताच. टेप करून ठेवली असती, पण टेप लावली की मंडळ आळशी होतं असं बाबांचं मत, त्यामुळे तीही नाही. उरली फक्त वही. तिच्या शेवटच्या चार पानांवर धुनेचे स्वर लिहिलेले, आणि वर डाव्या कोपऱ्यात, ‘काळी एक’. म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरायचा.

आईनं वर्षभर काही मागितलं नाही. स्मृतिदिन दोन महिन्यांवर आला तेव्हा म्हणाली, “त्याईची ते धून एकदा कानावर पडू दे. मंग मले कायी नको.”

“भैंशाहून पार्टी बोलावतो, वयनी,” काका म्हणाला.

“दुसऱ्याचं कायले पायजे, भाऊजी?”

मी म्हणालो, “मी वाजवतो.”

“तुले पेटी येते का?” काकानं विचारलं.

“मले नाई येत. यंत्राले येते.”

यंत्राला येत नव्हतं. यंत्राला काहीच येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि वर्षभरात तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

मी आदिलाबादला एका कॉम्प्युटर शिकवणीत शिकवायचो. तिथल्या मालकानं हैदराबादच्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या बोलण्यात येऊन एक कॉम्प्युटर घेतला होता, आणि त्यात भलतीच ऑपरेटिंग सिस्टिम होती. सगळी दुनिया एका सिस्टिमवर चालायची, हा एकटा दुसऱ्या. अख्ख्या आंध्र प्रदेशात ती वापरणारे दोघंच, एक मी आणि एक तो व्यापारी, आणि व्यापाऱ्यानंही पुढं ती सोडली. एकवीस फ्लॉप्या घातल्या की ती बसायची. विसावी फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा एकपासून. नोकरीच्या जाहिरातीत तिचं नाव नसायचं, म्हणून पोरं त्या टेबलाकडे फिरकत नसत. शेवटी मालक म्हणाला, घेऊन जा बाबा, टेबल तरी मोकळं होईल.

मी तो बसनं गावी आणला. मॉनिटर मांडीवर मावेना म्हणून शेजारच्या सीटवर बसवला. कंडक्टर आला.

“ये क्या है?”

“कॉम्प्युटर.”

“बोलता है?”

“नहीं.”

“तो हाफ,” म्हणाला, आणि अर्धं तिकीट फाडलं.

त्याला बोलता करायचं होतं. त्यासाठी मिडी नावाचा प्रकार होता. मिडीची फाइल म्हणजे गाणं नव्हे. कुठला स्वर कधी दाबायचा आणि कधी सोडायचा एवढंच तीत आकड्यांनी लिहिलेलं असतं. आवाज तीत नसतोच, तो यंत्रानं आपल्या पदरचा घालायचा. म्हणजे बाबांची वही आणि मिडीची फाइल, दोघींचं काम एकच. फक्त वाजवणारा पाहिजे. तो वाजवणारा म्हणून मी हैदराबादहून एक साउंड कार्ड मागवलं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवलं, सिस्टिम सुरू केली. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, असं कुठलंही यंत्र इथं नाही.

पुढचे पाच रविवार मी ते यंत्र इथंच आहे हे तिला पटवत होतो. कार्ड काढायचो, पुसायचो, बसवायचो. ती म्हणायची, नाही. सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायची की तेवढ्यात एक एकर कापूस वेचून होईल. पाचव्या रविवारी घोळ लक्षात आला. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक यंत्राला बोलायला एक नंबर असतो, आणि कार्ड व प्रिंटर दोघंही सात नंबर धरून बसले होते. दुनियेची सिस्टिम अशा वेळी काणाडोळा करायची. आमची करत नव्हती. एका जागी दोघं दिसले की दोघांनाही वर्गाबाहेर उभं करायची, अगदी बाबांसारखी. आईचा काटा काढायचा चिमटा घेतला, कार्डावरचं तीळभर टोपण सातवरून उचलून पाचवर घातलं, सिस्टिमच्या फाइलीत एका ओळीतला आकडा बदलला. सुरू केली. कानात घातलेल्या इअरफोनमध्ये ‘टिंग’ वाजलं.

“बोलला!” मी ओरडलो. ओरडायला हवं होतं म्हणून ओरडलो.

काका अंगणातून आत आला. “कोन बोलला?”

“पाच नंबर.”

“पाच नंबर म्हंजे आपला टाळवाला,” काका म्हणाला आणि समाधानानं बसला.

मग मी चार पानं आकड्यांत उतरवली. काळी एकचा सा म्हणजे एकसष्ट, रे त्रेसष्ट, ग पासष्ट, अशी पट्ट्या मोजत मोजत. एका ओळीत एक स्वर. ओळींना अंत नव्हता. ते काम मला बरं वाटलं. त्यात काही वाटावं लागत नाही. बाबांचं अक्षर बघायचं आणि आकडा टाकायचा.

सगळे स्वर टाकून झाल्यावर पडद्यावर सोळा जागा उघडल्या, नंबर घातलेल्या, सगळ्या रिकाम्या. वाजवणाऱ्याला यातल्या एका जागेवर बसवायचं होतं. मी एकवर बोट ठेवलं.

“ए, ए! एक माहा हाय,” मागून काका म्हणाला.

“काका, हे मंडळ नाई. इथं बाकी कोनीच नाई.”

“नसू दे ना. म्हनून तू बापाले नंबर सोडून बसवशीन? जिंदगीभर दहावा कप पेला त्यानं. कधी म्हनला का, आज मले पहिला द्या? दहावर बसव.”

मला ते बरोबर वाटलं. मी वरच्या नऊ जागा रिकाम्या सोडल्या आणि बाबांना दहावर बसवलं. वाद्यांच्या यादीत पेटी नव्हती, पण भाता असलेलं तिचं एक विलायती भावंड होतं, ते निवडलं. वाजवून बघणार तेवढ्यात काकानं माझा हात धरला. “नाई. पयले वयनीच्या कानावर पडंन. मंग आपल्या.”

म्हणून ती धून स्मृतिदिनाच्या सकाळपर्यंत कुणीच ऐकली नाही. शिकवणीच्या मालकाकडून मोठे स्पीकर आणले, आईला उंबऱ्यात बसवलं, काका ढोलक मांडीवर घेऊन बसला, मी बटण दाबलं. पुढं काय झालं ते सांगितलंच आहे. ट्रक थांबला.

ट्रक गेल्यावर मी पोपटी कव्हराचं मदतीचं पुस्तक उघडलं. त्या सिस्टिमच्या पुस्तकातून मी आजवर काही शोधलं नव्हतं, कारण काही शोधायच्या आत झोप यायची. या वेळी झोप आली नाही, दुसरंही काही आलं नाही. बोट फिरवत गेलो. सहाव्या प्रकरणात चौकटीत लिहिलं होतं की सोळांतली दहावी जागा ठोकून वाजवायच्या वाद्यांसाठी राखीव आहे. तिथं कुणालाही बसवा, स्वर निघणार नाही. प्रत्येक स्वराच्या जागी एकेक ढोल, एकेक घंटा, एकेक शिट्टी वाजेल.

मी ते काकाला मराठीत सांगितलं.

“म्हंजे दहावी जागा ढोलकवाल्याची?” काकानं विचारलं.

“हो.”

“कुठी? हैदराबादेत?”

“सगळ्या जगात.”

“जगाले अक्कल हाय का नाई?” काका पुन्हा चढला. “ढोलकवाला शेवटी? ढोलक नसली तर हे चालतीन तरी का?” मग एकदम आवाज खाली आला. “मंग दादाले आता कुठी बसवतो?”

“एकवर बसवावं लागंन, काका. नाई तर दोनवर.”

“दोनवरचा गाणारा अजून जित्ता हाय.”

काका गप्प बसला. काका गप्प बसल्याची ही एकच नोंद आमच्या गावात आहे. त्यानं ढोलकीची दोरी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. साडेअकरा होत आले होते. अंगणात कुणीतरी सतरंज्या टाकत होतं. पहिला नंबर त्याला बाबांनी दिला होता, आणि तो सोडायला सांगणारेही आता बाबाच होते, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं असावं. मला विचारायचं सुचलं नाही. मी पडद्यावरचा दहाचा आकडा बघत होतो.

“बसव,” काका शेवटी म्हणाला. “एकवर बसव त्याले. पन मले कुठी नको बसवू. मी उभा राहतो.”

मी दहा खोडून एक केला आणि फाइल नव्या नावानं ठेवली. एवढंच काम. सहा रविवार आणि एक आकडा. दहाच्या जागेवरची जुनी फाइल पुसायला वेळ नव्हता, ती तशीच राहिली.

बारा वाजता लोक आले. ओसरी भरली, अंगण भरलं, हायवेच्या पलीकडे माणसं उभी राहिली. मी म्हणेन दहा हजार. काका म्हणेल वीस. सतरंज्या चार होत्या. बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण आणि पंचशील म्हणून झालं, आणि काकानं मला मान हलवून खूण केली.

या वेळी पेटी वाजली. अगदी विहारातली नाही. जरा नाकात बोलणारी, सर्दी झालेली पेटी. पण धून तीच. सुरुवातीचे ते दोन थांबे, मग चढण, मग बाबा वरच्या सावर रेंगाळायचे तिथं रेंगाळली. मंडळातल्या जुन्या माणसांनी मांडीवर ताल धरला. टाळवाला मंचेरियलहून मुद्दाम आला होता, त्यानं टॉवेलमध्ये तोंड घातलं. काका खरंच उभा राहिला होता, ढोलक गळ्यात, आणि त्याच्या गालांवरून पाणी एवढं वाहत होतं की खालची सतरंजी पिळावी लागली असती. हे मात्र मी थोडं वाढवून सांगतो आहे.

मी पडद्याकडे बघत होतो. तिथं एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. धून किती झाली आणि किती उरली, ते ती दाखवायची. ती सरकत शेवटाला गेली आणि थांबली. चार मिनिटं आणि वर काही सेकंद. आता मला काहीतरी होईल, असं मी धरून चाललो होतो. सगळं वर्षभराचं आता येईल, पुरासारखं येईल, मी टेबलासकट वाहून जाईन. मी वाट पाहिली. स्पीकरांतून बारीक खरखर येत होती. मी त्यांचं बटण फिरवून खरखर बंद केली.

“हुबेहूब,” टाळवाला म्हणाला. “मास्तरच बसले होते जनू.”

“जनू काय, बसलाच होता,” काका म्हणाला. “एक नंबरवर.”

लोक जेवले. जेवताना सगळे धुनेबद्दलच बोलत होते, आणि मी त्यांना मॉनिटरच्या अर्ध्या तिकिटाची गोष्ट दोनदा सांगितली. दोन्ही वेळा हसले. मग एकेक करून गेले. काका ओसरीत भिंतीला टेकून बसला. आई पंगतीची ताटं गोळा करून आत नेत होती. ती धून वाजत असताना ती कुठं होती ते मी पाहिलं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती झाली की नाही, हे तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

“माय,” मी म्हणालो, “ऐकली ना? झाली ना बराबर?”

तिनं ताटं खाली ठेवली. वरच्या ताटाचं बूड बाहेर आलेलं होतं, ते थोडा वेळ डुगडुगत राहिलं. तिनं त्यावर हात ठेवून ते थांबवलं.

“झाली ना,” ती म्हणाली. “पेटी तुमच्या मंडळाची होती. मले ते सकाळचं लावून दे.”